एम. व्ही. रमणा यांची अणुऊर्जेवरची पुस्तकं: नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी

अणुऊर्जा हा महाराष्ट्राला परका विषय नाही. देशातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला सुरू झाली. पहिली व्यापारी अणुवीज १९६९मध्ये तारापूरहून मिळाली. जैतापूरचा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यात दीड दशकाहून जास्त काळ धुमसतो आहे. तरीही चारचौघांत विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एकजण म्हणतो, देशाला वीज नको का? दुसरा म्हणतो, चेर्नोबिल विसरलात का? दोघांच्याही हातात आकडे नसतात, आणि ज्यांच्या गावावर प्रकल्प येतो त्यांना या वादातून काहीच मिळत नाही.

आकडे हातात यावेत म्हणून मी एम. व्ही. रमणा यांची पुस्तकं सुचवतो. रमणा मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. बोस्टन विद्यापीठातून पीएच.डी., मग प्रिन्स्टन विद्यापीठात अण्वस्त्रं आणि अणुऊर्जा यांवर संशोधन, आणि आता कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. अमेरिकन फिजिकल सोसायटीचा लिओ झिलार्ड पुरस्कार त्यांना २०१४मध्ये मिळाला. ते अणुऊर्जेचे टीकाकार आहेत आणि हे ते लपवत नाहीत. पण त्यांची टीका घोषणांवर उभी नाही. सरकारी अहवाल, संसदेतली उत्तरं, लेखापरीक्षण, ताळेबंद यांतून ती येते, म्हणून ती तपासता येते. नव्या वाचकासाठी मला हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण भाषा सरळ आहे. वाचक अडतो तो एककांपाशी आणि संदर्भांपाशी. म्हणून हा क्रम.

पायरी १: पुस्तक उघडण्याआधी मेगावॉट आणि युनिट वेगळे करा

वर्तमानपत्रात ‘अमुक मेगावॉटचा प्रकल्प’ असं छापून येतं आणि घरी बिल येतं युनिटमध्ये. मेगावॉट ही यंत्राची ताकद, युनिट ही प्रत्यक्ष मिळालेली वीज. एक मेगावॉटचं यंत्र वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, क्षणभरही न थांबता पूर्ण ताकदीने चाललं तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज मिळेल. प्रत्यक्षात कोणतंच यंत्र असं चालत नाही. जेवढी वीज निघू शकली असती तिच्या किती टक्के खरोखर निघाली, त्या प्रमाणाला कपॅसिटी फॅक्टर म्हणतात.

अणुभट्टीचं हे प्रमाण ८० टक्के धरलं तर एका मेगावॉटमागे वर्षाला सुमारे ७० लाख युनिट मिळतात. सौर प्रकल्पाचं २० टक्के धरलं तर साडेसतरा लाख. म्हणून ‘सौरची क्षमता अणुऊर्जेच्या इतक्या पट झाली’ असं कोणी सांगितलं की लगेच युनिट विचारायचे. उलट, अणुभट्टीचे फक्त मेगावॉट सांगून कोणी छाती फुगवली तरी युनिटच विचारायचे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीची क्षमता प्रत्येकी ५४० मेगावॉट आहे. यातली एक भट्टी ८० टक्क्यांनी वर्षभर चालली तर किती युनिट होतील, ते स्वतः कागदावर करून पाहा. उत्तर ३७८ कोटींच्या आसपास आलं की पुढे जा.

पायरी २: तीन टप्प्यांचा आराखडा पाठ नको, पण समजलेला हवा

होमी भाभांनी आखलेला तीन टप्प्यांचा कार्यक्रम रमणांच्या लिखाणात पावलोपावली येतो. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी (ज्यात हायड्रोजन जड प्रकारचा असतो असं पाणी) वापरणाऱ्या भट्ट्या. त्यांच्या जळालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम फास्ट ब्रीडर भट्ट्यांत घालायचं. या भट्ट्या जळतं त्यापेक्षा जास्त नवं इंधन तयार करतील अशी अपेक्षा. तिसऱ्या टप्प्यात थोरियम. आपल्याकडे युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर, म्हणून हा सगळा खटाटोप.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या या साखळीतल्या नाहीत. त्या अमेरिकेतून आणलेल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या, समृद्ध युरेनियमवर, म्हणजे जळणाऱ्या अंशाचं प्रमाण वाढवलेल्या युरेनियमवर, चालणाऱ्या. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट होती, पुढे ती १६०वर आणली गेली. १९७४च्या पोखरण स्फोटानंतर त्यांच्या इंधनाचा प्रश्न निर्माण झाला, आणि भारताचं अणुधोरण परराष्ट्र धोरणाशी किती घट्ट बांधलेलं आहे हे तारापूरमुळेच देशाला कळलं. मराठी वाचकाला हा भाग नकाशासकट समजेल, कारण पालघर जिल्हा आपल्या ओळखीचा आहे.

पायरी ३: ‘द पॉवर ऑफ प्रॉमिस’पासून सुरुवात करा, आणि आधी उद्दिष्टांचा इतिहास वाचा

रमणांचं २०१२मध्ये आलेलं हे पुस्तक भारताच्या अणुवीज कार्यक्रमावरचं सर्वांत सविस्तर टीकात्मक पुस्तक आहे असं माझं मत आहे. नवीन माणसाने इथूनच सुरुवात करावी. पहिल्या पानापासून सलग वाचायची सक्ती नाही. आधी उद्दिष्टांचा इतिहास शोधून वाचा, कारण सगळ्या पुस्तकाचा कणा तो आहे.

एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, किती सांगितलं, कोणत्या वर्षापर्यंत, आणि त्या वर्षी प्रत्यक्ष काय होतं. पहिली ओळ: १९५४ साली भाभांनी १९८०पर्यंत ८,००० मेगावॉटचं भाकीत केलं. १९७९-८०मध्ये प्रत्यक्ष होते सुमारे ६०० मेगावॉट. दुसरी ओळ: १९६२चं भाकीत, १९८७पर्यंत २० ते २५ हजार मेगावॉट. १९८७मध्ये प्रत्यक्ष सुमारे ९५०. तिसरी ओळ: १९६९मध्ये अणुऊर्जा आयोगाने सांगितलं की २०००पर्यंत ४३,५०० मेगावॉट. चौथी ओळ: १९८४च्या आराखड्यात तेच २००० साल, पण आकडा १०,००० मेगावॉट. २०००मध्ये प्रत्यक्ष होते २,७२०.

या चार ओळी आपल्या हाताने लिहिल्या की पुस्तकाच्या नावातलं ‘प्रॉमिस’ कशाला म्हटलं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. आता पाचवी ओळ लिहा, जी पुस्तकात नाही कारण पुस्तक जुनं आहे. १ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १ लाख मेगावॉट अणुवीज क्षमतेचं उद्दिष्ट जाहीर झालं. तेव्हा देशाची क्षमता होती ८,१८० मेगावॉट. १९६९मध्ये तारापूर सुरू झाल्यापासूनच्या ५६ वर्षांची सरासरी काढली तर दरवर्षी १४६ मेगावॉटची भर पडली. नवं उद्दिष्ट गाठायला २२ वर्षं दरवर्षी जवळपास ४,२०० मेगावॉट घालावे लागतील. शेवटचा रकाना रिकामा ठेवा. वर्षं उलटतील तशी ही ओळ पाहत राहायची आहे.

सरकारची बाजूही याच पानावर, समोरच्या बाजूला लिहा. १९७४नंतर भारतावर निर्बंध आले, इंधन आणि यंत्रसामग्री बाहेरून मिळेना, २००८मध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसामग्रीच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाने, सूट देईपर्यंत हेच चाललं. म्हणून उशीर झाला, असं अणुऊर्जा विभागाचे लोक सांगतात. निर्बंध खरे होते, यात वाद नाही. पण १९५४, १९६२ आणि १९६९ची भाकितं निर्बंधांच्या आधीची आहेत आणि १९८४चा आराखडा निर्बंध डोळ्यांसमोर असताना केलेला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी १९९९च्या अहवालात नोंदवलं की या आराखड्याखाली मार्च १९९८पर्यंत ५,२९१ कोटी रुपये खर्च होऊनही एका मेगावॉटचीही नवी वीज मिळाली नव्हती. निर्बंधांचं कारण कुठपर्यंत पुरतं आणि कुठे अपुरं पडतं, हे तारखा शेजारी ठेवल्यावर ज्याचं त्याला दिसतं.

पायरी ४: खर्चाचा भाग सावकाश, दोनदा वाचा

बहुतेक वाचक इथे पानं उलटतात. तसं करू नका, कारण रमणांचं खरं बलस्थान अपघात नाही, खर्च आहे.

अणुवीज स्वस्त की महाग, याचं उत्तर डिस्काउंट रेटवर फार अवलंबून असतं. अणुभट्टीचा बहुतेक खर्च आधी, बांधकामात होतो. इंधनाचा खर्च तुलनेने कमी. कोळशाच्या केंद्राचं उलट: बांधायला कमी पैसे, पण कोळसा वर्षानुवर्षं विकत घ्यायचा. म्हणजे प्रश्न असा येतो की आज घातलेला रुपया आणि चाळीस वर्षांनी मिळणारा रुपया यांचा हिशेब कसा जुळवायचा. भविष्यातला रुपया आजच्या हिशेबात उतरवताना दरसाल जो टक्का कापतात तो डिस्काउंट रेट.

करून पाहा. चाळीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ३ टक्क्यांनी काढली तर साधारण ३१ रुपये. ६ टक्क्यांनी काढली तर १० रुपयांहून थोडी कमी. १० टक्क्यांनी काढली तर जेमतेम सव्वादोन रुपये. एकच भट्टी, एकच वीज, पण टक्का बदलला की निकाल बदलतो. टक्का लहान धरला की अणुवीज स्वस्त दिसते, मोठा धरला की महाग. कोणत्याही अहवालात अणुविजेचा प्रति युनिट दर दिसला की त्या अहवालात हा टक्का किती धरला आहे ते शोधायचं. टक्का दिलेलाच नसेल तर त्या दरावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

यासाठी पुस्तकाबरोबर एक लेख वाचा. रमणा, अँटोनेट डिसा आणि अमूल्य के. एन. रेड्डी या तिघांचा तो लेख २००५मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला होता. कर्नाटकातलं कैगा अणुकेंद्र आणि रायचूर औष्णिक केंद्राचा सातवा संच यांची त्यात तुलना आहे. दोन्ही साधारण एकाच काळातले, एकाच आकाराचे, आणि रायचूरला कोळसा लांबून आणावा लागतो. म्हणजे तुलना अणुऊर्जेला अनुकूल जागी केली आहे. कारण अणुऊर्जा विभागाचा दावाच असा होता की खाणीपासून दूरच्या जागी अणुवीज कोळशाला टक्कर देते. निष्कर्ष निघाला की बऱ्याच वास्तववादी गृहीतकांखाली जड पाण्याच्या भट्टीची वीज महाग पडते.

इथे सावध राहा. ही तुलना कोळशाशी आहे आणि २००५ची आहे. कोळशाच्या धुराची, राखेची, कार्बनची किंमत धरली तर चित्र बदलतं. चंद्रपूर किंवा कोराडीजवळ राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आज तुलना करायची तर ती सौर, पवन आणि साठवणुकीच्या खर्चाशीही करावी लागेल. त्यामुळे या लेखातून निष्कर्षापेक्षा पद्धत उचला: समान वयाची, समान आकाराची दोन केंद्रं घ्यायची, गृहीतकं उघड मांडायची आणि ती बदलून निकाल किती हलतो ते पाहायचं.

पायरी ५: सुरक्षेचा भाग वाचताना एकच घटना पूर्ण समजून घ्या

पुस्तकात घटना बऱ्याच आहेत. कैगाचा १९९४मध्ये बांधकाम चालू असताना कोसळलेला घुमटाचा भाग आहे, इतरही अनेक आहेत. सगळ्यांची यादी करत बसू नका. उत्तर प्रदेशातल्या नरोराची ३१ मार्च १९९३ची आग घ्या आणि ती तासातासाने समजून घ्या.

पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइनचा तोल गेला, प्रचंड कंप सुरू झाला, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर पडला आणि पेटला. आग केबलींपर्यंत गेली. मुख्य आणि पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबली एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्ही गेल्या आणि केंद्र अंधारात बुडालं. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि तिथल्या माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टी त्यांनी आधीच बंद केली होती, पण बंद भट्टीलाही थंड करत राहावंच लागतं. डिझेलवर चालणारे अग्निशमन पंप वापरून पाणी देण्यात आलं. काही कर्मचारी विजेऱ्या घेऊन इमारतीच्या वरच्या भागात चढले आणि हाताने झडपा उघडून त्यांनी भट्टीत बोरॉनचं द्रावण सोडलं, म्हणजे साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होण्याची शक्यताच उरू नये. केंद्र सुमारे १७ तास विजेविना होतं. किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही.

या माणसांनी त्या दिवशी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुस्तक वाचताना तो आदर कमी होत नाही. पण वाचकाने इथेच थांबू नये. पात्यांच्या रचनेतल्या दोषाचा इशारा मूळ रचनाकार कंपनीने १९८९मध्ये दिला होता. पाती बदलली गेली ती अपघातानंतर. केबलींच्या आगीचा धडा जगाला १९७५मध्येच, अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात मिळाला होता. म्हणजे माहिती होती, ती कामाच्या जागी वेळेत पोचली नाही. रमणांचा सुरक्षेवरचा मुद्दा हाच आहे: यंत्र किती चांगलं यापेक्षा संस्था कशी शिकते हे पाहा.

हे समजलं की नियामक संस्थेवरची पानं आपोआप महत्त्वाची वाटू लागतात. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३मध्ये स्थापन झालं, पण ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिलं. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याच छत्राखाली. हा आक्षेप एकट्या रमणांचा नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१२च्या अहवालातही मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं आहे.

पायरी ६: ब्रीडरचा भाग आज कसा वाचायचा

कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉटच्या प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर भट्टीचं बांधकाम २००४मध्ये सुरू झालं. ती २०१०मध्ये पूर्ण व्हायची होती, खर्च ठरला होता ३,४९२ कोटी रुपये. पुस्तक २०१२चं, त्यामुळे तेव्हा उशीर दोन वर्षांचा होता. भट्टीत गाभा भरायला सुरुवात झाली मार्च २०२४मध्ये. वहीत ही ओळ घाला आणि मगच ब्रीडरवरची पानं वाचा. मंद न्यूट्रॉनांच्या भट्टीपेक्षा ब्रीडरचं सुरक्षेचं गणित वेगळं का, थंड करायला द्रव सोडियम वापरल्याने काय अडचणी येतात, आणि प्लुटोनियम किती वेगाने साठेल याचे सरकारी अंदाज रमणांना फुगवलेले का वाटतात, हे पुस्तकातलं सर्वांत तांत्रिक प्रकरण आहे. पहिल्या वाचनात अर्धं कळलं तरी हरकत नाही, पण सोडू नका. तिसऱ्या टप्प्यातल्या थोरियमचं स्वप्न याच भट्टीवर टेकलेलं आहे.

पायरी ७: आता २०२४चं पुस्तक

‘न्यूक्लिअर इज नॉट द सोल्यूशन’ या पुस्तकाचा आवाका जगभरचा आहे आणि सूर चढा आहे. हवामान बदलावर अणुऊर्जा हा उपाय आहे का, हा त्यातला प्रश्न. नव्या वाचकाची इथे हमखास एक गैरसमजूत होते: रमणा अणुऊर्जेला प्रदूषणकारी म्हणतात, अशी. त्यांचा वाद तो नाही. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०१४च्या अहवालात प्रकल्पाच्या संपूर्ण आयुष्यातलं कार्बन उत्सर्जन प्रति युनिट असं दिलं आहे: कोळसा ८२० ग्रॅम, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनचक्की ११. अणुवीज कमी कार्बनची आहे. वाद पैसे आणि वेळ यांचा आहे. हवामानासाठी हातात असलेली वर्षं आणि रुपये मर्यादित आहेत, ते कुठे घातले तर लवकर आणि जास्त कार्बन वाचेल, असा तो प्रश्न आहे.

यासाठी ते बांधकामांचे दाखले देतात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्यातला व्ही. सी. समर प्रकल्प ९ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च करून २०१७मध्ये अर्धवट सोडला. जॉर्जियातल्या व्होग्टलच्या दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४मध्ये सुरू झाल्या, पण खर्च ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. छोट्या भट्ट्यांचा गाजावाजा झालेला न्यूस्केलचा युटाशी जोडलेला प्रकल्प नोव्हेंबर २०२३मध्ये रद्द झाला.

कोकणातल्या वाचकाने हे वाचताना फ्रान्सच्या फ्लामानव्हीलकडे खास लक्ष द्यावं. तिथली तिसरी भट्टी ईपीआर जातीची, म्हणजे जैतापूरला ज्या जातीच्या सहा भट्ट्या बसवायचं ठरलं आहे तीच. काम २००७मध्ये सुरू झालं, पाच वर्षांत संपायचं होतं, अंदाजे खर्च ३.३ अब्ज युरो होता. भट्टी ग्रिडला जोडली गेली २१ डिसेंबर २०२४ला आणि खर्च गेला १३ अब्ज युरोच्या वर. फिनलंडमध्ये त्याच जातीची भट्टी २००५मध्ये बांधायला घेतली, ती नियमित वीज देऊ लागली २०२३मध्ये. चीनमधल्या तायशानच्या दोन भट्ट्या मात्र यापेक्षा बऱ्याच लवकर, २०१८ आणि २०१९मध्ये सुरू झाल्या. ही शेवटची ओळ वहीत आवर्जून लिहा, कारण उशीर फक्त यंत्राच्या जातीमुळे होतो असं म्हणता येणार नाही हे ती दाखवते.

माझं प्रामाणिक मत: २०१२चं पुस्तक जास्त भक्कम आहे. २०२४च्या पुस्तकात कंपन्यांचे आणि सरकारांचे हेतू यांवर जोर आहे, ते वाचनीय आहे, पण ‘मग वीज कशातून आणायची’ या प्रश्नावर भारतातल्या वाचकाला हवं तेवढं त्यात मिळत नाही. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर वाढणारी मागणी, साठवणूक, पारेषण यासाठी दुसरं वाचन करावंच लागेल.

पायरी ८: अण्वस्त्रांवरचं लिखाण

रमणांनी सी. राममनोहर रेड्डी यांच्याबरोबर संपादित केलेला ‘प्रिझनर्स ऑफ द न्यूक्लिअर ड्रीम’ हा २००३चा लेखसंग्रह आहे. त्यातले लेख सुटे सुटे वाचता येतात. मुंबईकराने त्याआधी त्यांचा १९९९चा ‘बॉम्बिंग बॉम्बे?’ हा छोटा अहवाल वाचावा. १९९८च्या पोखरण आणि पाकिस्तानातल्या चगाईच्या अणुस्फोटांनंतर वर्षभरात आलेला. मुंबईवर हिरोशिमाएवढा, १५ किलोटनचा बॉम्ब पडला तर काय होईल याचं गणित त्यात आहे. मृत्यूंचा अंदाज १ लाख ६० हजार ते ८ लाख ६६ हजार. एवढा मोठा फरक का, हे समजून घेणं हाच त्या अहवालाचा धडा आहे: शहराच्या कोणत्या भागात लोकवस्ती किती दाट धरली आणि हानीचं कोणतं प्रारूप वापरलं, त्यावर आकडा हलतो. वाचायला जड जातं, कारण नावं आपल्या ओळखीच्या जागांची आहेत. पण वाचावं.

पायरी ९: समोरच्या बाजूचं वाचन, आणि तेही तेवढ्याच कसोशीने

अनिल काकोडकर २००० ते २००९ अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आणि थोरियमचे, अणुऊर्जेच्या विस्ताराचे ते ठाम पुरस्कर्ते आहेत. त्यांची मराठीतली भाषणं आणि लेख वाचा. कैगाची पहिली भट्टी २०१८ संपताना सलग ९६२ दिवस चालून बंद झाली, तो तेव्हा जागतिक विक्रम होता; रमणांच्या पुस्तकात न बसणाऱ्या अशा गोष्टीही वहीत हव्यात. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि केंद्रीय वीज प्राधिकरण यांचे निर्मितीचे आकडे, लोकसभेतली प्रश्नोत्तरं, महालेखापरीक्षकांचे अहवाल, हे सगळं संकेतस्थळांवर उपलब्ध असतं. दर प्रकरणातला एकच दावा निवडा आणि मूळ कागद काढून पडताळा. सगळे दावे पडताळणं कोणालाच शक्य नाही.

जुन्या पुस्तकांतला कायद्याचा भाग आता इतिहास म्हणून वाचा. १९६२चा अणुऊर्जा कायदा आणि २०१०चा अणुदायित्व कायदा यांच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५मध्ये नवा कायदा केला आणि खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचं दार उघडलं. त्यामुळे खर्च आणि जबाबदारी यांवरची प्रकरणं जुनी झालेली नाहीत, उलट त्यांतले प्रश्न आता कंपन्यांनाही विचारावे लागतील.

आणि माडबन, मिठगवाणे, साखरी नाटे या परिसरातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगतो. तिथे १८ एप्रिल २०११ला आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला आहे, त्यामुळे हा विषय तिथे पुस्तकी नाही. सुरुवातीच्या आराखड्यात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट होत्या. नंतर प्रत्येकी १,७३० धरून आकडा १०,३८०वर गेला. पुढच्या जनसुनावणीला किंवा आमदार-खासदारांना भेटायला जाताना सगळं पुस्तक सांगायची गरज नाही. प्रति युनिट दर किती आणि तो कोणत्या डिस्काउंट रेटने काढला? बांधकाम लांबलं तर वाढीव खर्च वीज ग्राहकाने भरायचा, फ्रेंच कंपनीने की सरकारने? समुद्रात सोडलेलं गरम पाणी मासेमारीवर काय परिणाम करेल, याचा अभ्यास कोणी केला आणि तो मराठीत कधी मिळेल? जळालेलं इंधन जागेवर किती वर्षं राहणार? उत्तरं लेखी मागा, तारखेसह.